थिसॉरस उघडला की भाषा उसनी होते का?

पत्र थोडक्यात: एक वाचक मैत्रीण नोकरी सांभाळून कथा लिहिते. सुरुवातीला ज्यांना वाचायला दिलं ते म्हणायचे कल्पना छान आहेत पण तेच तेच शब्द येतात, एका पानावर चारदा 'बघणं' आणि पाचदा 'राग'. म्हणून तिने थिसॉरस, म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश, वापरायला सुरुवात केली. आता वाक्य पूर्ण व्हायच्या आधीच दुसरा टॅब उघडला जातो. लेखनाच्या ग्रुपमधला एक मित्र म्हणतो ही चीटिंग आहे, खऱ्या लेखकाला शब्द आतून सुचतात. त्यातच एका एडिटरने कथा परत पाठवली, 'कथा चांगली आहे, भाषा उसनी वाटते' एवढ्याच शेऱ्यासह. तिने एक उतारा मूळ आणि बदललेला असा दोन्ही रूपांत पाठवलाय आणि विचारलंय: थिसॉरस कायमचा बंद करू का? माझा शब्दसाठाच कमी आहे, म्हणजे मी लेखक नाहीच का? आणि वापरायचाच झाला तर छापील घ्यावा की फोनवरचा?

नमस्कार,

तुमच्या प्रश्नांच्या आधी त्या उताऱ्याबद्दल बोलते, कारण बरंचसं उत्तर त्यातच आहे. मूळ ड्राफ्टमधे तुम्ही लिहिलं होतंत: 'आई दाराकडे बघत होती. मी आईकडे बघत होते. बाबा कुठेच बघत नव्हते.' थिसॉरसनंतर त्याचं झालं: 'आई दाराकडे पाहत होती. मी आईला न्याहाळत होते. बाबांची नजर शून्यात लागली होती.'

पहिली तीन वाक्यं मी परत परत वाचली, खरंच. त्यात 'बघणं' तीनदा येतं आणि तिसऱ्यांदा ते नाकारलं जातं, आणि त्या नकारातच त्या घरात काय झालंय ते कळतं. ती पुनरावृत्ती काढलीत आणि बाबा इतर दोघांपासून तुटलेत हेच गेलं. शिवाय 'न्याहाळणं' म्हणजे सावकाश, बारकाईने आणि बहुतेकदा आवडीने बघणं. घाबरलेली मुलगी आईकडे बघते तेव्हा ती अंदाज घेत असते की आता काय होणार, ती न्याहाळत नसते. आणि 'नजर शून्यात लागणं' आपण सगळ्यांनी इतक्या वेळा वाचलंय की डोळा तिथे थांबतच नाही. म्हणजे एडिटरला जे उसनं वाटलं ते बहुतेक हेच असावं. अवघड शब्दांचा इथे प्रश्नच नाहीये, तिन्ही शब्द साधे आणि ओळखीचे आहेत. त्या क्षणी त्या मुलीच्या डोक्यात जे चाललंय त्यातून ते आले नाहीत एवढंच.

तर पहिली गोष्ट जी मला तुम्हाला विचारायचीये ती ही, की शब्द परत आला म्हणजे चूकच झाली हे कोणी ठरवलं? आपल्या बहुतेकांना हे शाळेतल्या निबंधापासून सांगितलेलं असतं आणि मग आपण ते कधी तपासतच नाही. इंग्रजीत भाषेच्या वापरावर लिहिणारे एच. डब्ल्यू. फाउलर यांनी १९०६ सालीच या सवयीवर टीका केली होती, शब्द परत येऊ नये एवढ्याचसाठी दुसरा शब्द घालणं, आणि त्यांनी त्याला वेगळं नावसुद्धा दिलं होतं. त्रास साधा आहे. वाचक शब्द बदलला की समजतो गोष्ट बदलली. 'डॉक्टर आत आले. वैद्यकीय तज्ज्ञांनी नाडी बघितली' असं वाचलं की क्षणभर वाटतं दोन माणसं आहेत की काय. संवादात तर हे फारच होतं, 'म्हणाली' नको म्हणून 'उद्गारली', 'उत्तरली', 'वदली'. 'म्हणाली' वाचकाला दिसतसुद्धा नाही आणि तेच त्याचं काम आहे, ते करू द्या त्याला.

पण तुमच्या वाचकांची तक्रार सगळी खोटी होती असंही मी म्हणणार नाही. तुम्ही लिहिलंय एका पानावर पाचदा 'राग'. हा मामला 'बघणं'पेक्षा वेगळा आहे, आणि इथे थिसॉरस मनापासून उपयोगी पडतो.

राग शोधला की काय काय येतं बघा. संताप, चीड, वैताग, त्रागा, रुसवा, फणकारा, धुसफूस, क्रोध, कोप, रोष, आकस, डूख. यादी म्हणून बघितलं तर सगळे एकाच घरातले वाटतात, पण एकेक शब्द हातात घेतला की कळतं प्रत्येकाच्या मागे एक वेगळं माणूस उभं आहे. रुसवा फक्त तिथेच असतो जिथे समोरचा समजूत काढायला येईल अशी खात्री किंवा निदान आशा असते, परक्यावर कोणी रुसत नाही. त्रागा करणारा स्वतःलाच त्रास करून घेतो. वैतागात थकवा आहे. चीड बहुतेकदा अन्यायाची येते, म्हणून ती दुसऱ्यासाठीही येऊ शकते. फणकारा क्षणाचा आणि दिसणारा, डूख वर्षानुवर्षांचा आणि लपवलेला. धुसफुशीला तर बाहेर पडायची वाटच मिळालेली नसते. कोप व्हायला देव किंवा राजा लागतो, शेजाऱ्याचा कोप होत नाही.

आता तुमच्या पानावरच्या त्या पाच रागांकडे परत जा आणि प्रत्येकाला विचारा की हा कोणाचा, कोणावर, किती जुना, आणि बाहेर निघाला की आत राहिला. मला वाटतं दोन जागी तुम्हाला दुसरा शब्द मिळेल, एखाद्या जागी 'राग'च बरोबर आहे असं कळेल, आणि एखाद्या जागी कळेल की शब्दाची गरजच नाहीये, तिने उशीचा अभ्रा खेचून काढला एवढं लिहिलं तरी पुरे. म्हणजे थिसॉरसने तुम्हाला शब्द दिला असं नाही, त्याने तुम्हाला विचारलं की तुला नक्की काय म्हणायचंय. माझं सगळं म्हणणं इथेच येऊन थांबतं. ज्याला हा प्रश्न ऐकू येतो त्याला थिसॉरस मदत करतो, आणि जो फक्त उत्तर उचलून घेतो त्याची भाषा उसनी होते.

आणि हे माझ्या मनचं नाहीये, ज्या माणसाच्या नावाने थिसॉरस ओळखला जातो त्याचीही हीच अपेक्षा होती. पीटर मार्क रोजेट. पेशाने डॉक्टर. १८०५ मधे त्याने स्वतःच्या लिहिण्यासाठी शब्दांची एक वर्गवारी करून ठेवली, आणि ती वाढवून पुस्तक म्हणून छापली थेट १८५२ मधे, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी. त्याने शब्द अकारविल्हे लावले नाहीत, कल्पनांप्रमाणे लावले, सहा मोठे वर्ग आणि त्यांच्याखाली हजार शीर्षकं. त्याचं म्हणणं असं की डिक्शनरीत आपल्याकडे शब्द असतो आणि अर्थ शोधायचा असतो, इथे उलटं आहे, कल्पना आपल्याकडे आहे आणि शब्द शोधायचाय. म्हणजे कल्पना आधी! आणि प्रस्तावनेत त्याने स्पष्ट लिहून ठेवलंय की जवळच्या शब्दांमधले बारीक फरक सांगायच्या भानगडीत तो पडलेला नाही, ते लिहिणाऱ्याने आपल्या जाणिवेने ओळखायचं. निवड तुमची, हे त्या पुस्तकात पहिल्या आवृत्तीपासून गृहीत आहे. आज फोनवर टॅप केल्यावर जी सपाट यादी येते, पंधरा शब्द एकाच मापाचे असल्यासारखे, ती बघून हे विसरायला होतं.

आता तुमच्या मित्राचं. 'खऱ्या लेखकाला शब्द आतून सुचतात.' मला त्याच्या म्हणण्यामागची काळजी कळते, त्याला बहुधा तुमचा आवाज हरवताना दिसला असेल आणि तो त्याला नीट सांगता आला नसेल. पण वाक्य म्हणून ते खरं नाही. आत जे आहे ते कधीतरी बाहेरूनच आलेलं असतं. संस्कृत शिकणारी मुलं पिढ्यान् पिढ्या अमरकोश पाठ करायची, तोसुद्धा समानार्थी शब्दांचाच कोश आहे, तीन कांडांचा, विषयवार वर्ग पाडलेला आणि पाठ व्हावा म्हणून पद्यात रचलेला. त्यातून पुढे कविता करणाऱ्याला एकाच गोष्टीचे दहा शब्द तोंडावर असायचे आणि वृत्तात जो बसेल तो घेता यायचा. त्याला कोणी चीटिंग म्हणत नाही. त्यांचा कोश डोक्यात होता, तुमचा टॅबमधे आहे. फरक असलाच तर हा की पाठ केलेला शब्द वर्षानुवर्षं तोंडात घोळून, शंभर ठिकाणी भेटून मग वापरला जायचा, आणि टॅबमधला शब्द भेटल्यापासून चार सेकंदात तुमच्या वाक्यात असतो. शिवाय वृत्तात लिहिणाऱ्याला मात्रांसाठी दुसरा शब्द लागायचाच, तुम्ही गद्य लिहिताय, तुमच्यावर तशी सक्ती नाही.

शब्दसाठ्याबद्दल. तुम्ही ज्या पद्धतीने हे लिहिलंय, 'साठाच कमी आहे', ते वाचून मला वाईट वाटलं, कारण तुम्ही एक वेगळीच गोष्ट मोजताय. वर मी रागाचे जे शब्द लिहिले त्यातले किती तुम्हाला कळले? जवळजवळ सगळे कळले असणार. म्हणजे साठा आहे. प्रत्येकाचंच असं असतं की वाचताना-ऐकताना कळणारे शब्द पुष्कळ जास्त आणि लिहिता-बोलताना आपणहून हाताशी येणारे त्याहून कमी. कमी पडतंय ते हाताशी येणं, आणि ते वाढतं. थिसॉरसचा सगळ्यात चांगला उपयोग नेमका हाच आहे, माहीत असलेला पण ऐन वेळी ओठावर येऊन अडकलेला शब्द आठवून देणं. तो दिसल्यावर 'अरे हाच!' असं वाटतं, त्यात शंका नसते, अर्थ बघावा लागत नाही. असं वाटलं की बिनधास्त घ्या, तो तुमचाच शब्द आहे. आणि 'हा भारी दिसतोय' असं वाटलं की थांबा. तो शब्द वाईट नाहीये, फक्त तुमची त्याची अजून ओळख झालेली नाही. वहीत लिहून ठेवा, डिक्शनरीत बघा, कोणी कुठे कसा वापरलाय ते शोधा, चार ठिकाणी भेटला की आपणहून येईल पुढच्या कुठल्यातरी कथेत.

हे ओळख नसण्याचं प्रकरण वाटतं त्यापेक्षा बारीक असतं बरं का. शब्द एकटे राहत नाहीत, त्यांचे सोबती ठरलेले असतात. तहान भागते, तृष्णा भागत नाही, ती शमते. पाऊस मुसळधार असतो, पण 'मुसळधार वर्षा' म्हणून बघा, लगेच कानाला खटकतं. काळोख मिट्ट असतो, तिमिर मिट्ट नसतो, आणि तिमिर हा शब्द कवितेतून उचलून साध्या बोलणाऱ्या निवेदकाच्या तोंडी घातला तर वाचकाला वाटतं मधेच कोणीतरी दुसरं बोलायला लागलं. थिसॉरस शब्द दाखवतो, सोबती दाखवत नाही. म्हणून शब्द बदललात की त्याचे आजूबाजूचे दोन शब्दही तपासायचे, क्रियापद तर नक्कीच, आणि मग पूर्ण वाक्य मोठ्याने वाचायचं.

बंद करायचा का? तीन वाटा आहेत. पूर्ण बंद केलात तर एक फायदा नक्की होईल, काही आठवडे तुम्हाला तुमचा मूळ आवाज सलग ऐकू येईल, आणि तुमची सवय 'वाक्य संपायच्या आधी टॅब' इथपर्यंत गेलीये तर थोडे दिवस हे करून बघायला माझी काहीच हरकत नाही. पण कायमचा बंद केलात तर त्या पाच रागांचं काय होणार, ते तसेच पाच राग राहतील. आत्ता चाललंय तसंच चालू ठेवणं मला सगळ्यात नुकसानीचं वाटतं, आणि त्याचं कारण शब्दांपेक्षा वेगळं आहे. वाक्याच्या मधे उठून गेलात की मुलगी, आई, बाबा, ती खोली, सगळं तिथेच सोडून जाता, आणि परत येता तेव्हा वाक्य पुरं करता, खोलीत नसता. तिसरी वाट म्हणजे वेळ बदलणं, आणि मी तुम्हाला हीच सुचवेन. पहिल्या ड्राफ्टला थिसॉरस नाही. शब्द अडला तर जो येतोय तो लिहा, कितीही साधा असो, पुढे एक फुली मारा आणि चालत राहा. ड्राफ्ट संपल्यावर दोनेक दिवसांनी फक्त फुल्यांसाठी बसा. गंमत म्हणजे निम्म्या फुल्यांपाशी तेव्हा कळत नाही की इथे अडलं काय होतं, साधा शब्द व्यवस्थित बसलेला असतो.

फुलीपाशी बसल्यावर थिसॉरस उघडायच्या आधी एक ओळ लिहा, कथेत नाही, बाजूला कागदावर: मला इथे काय म्हणायचंय? अगदी ओबडधोबड चालेल, 'ती चिडलीये पण आईसमोर दाखवू शकत नाही आणि त्यामुळे अजून चिडलीये' अशी. कधी कधी ही ओळच कथेत जाते. नाही गेली तर आता शोधायला जा, कारण आता तुम्हाला माहितीये काय शोधताय. एखादा शब्द सापडतच नसेल तर उलट्या बाजूने बघा. रोजेटने जमेल तिथे विरुद्ध कल्पना शेजारी शेजारी दोन रकान्यांत लावल्या होत्या, आणि ती फार कामाची सोय आहे, 'धीट'चे शब्द चाळून काही लागलं नाही तर 'भित्रा'कडे जा, तिथे बघता बघता लक्षात येतं की पात्र धीट नाहीच, त्याला फक्त भीती दाखवायची सोय नाहीये.

परत आलेल्या कथेसाठी एक काम सांगते. जुना ड्राफ्ट तुमच्याकडे आहे. दोन्ही शेजारी ठेवा आणि थिसॉरसमधून आलेल्या प्रत्येक शब्दाखाली रेघ मारा. मग एकेकाला विचारा, निवेदक मुलगी हा शब्द बोलेल का? तिचं वय, तिचं घर, तिने काय वाचलंय, या सगळ्यासकट. बोलणार नसेल तर जुना शब्द परत आणा. बोलेल आणि अर्थ जास्त नेमका होत असेल तर नवा ठेवा, त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. संवादांमधले मात्र सगळेच परत जुने करा, माणसं भांडताना समानार्थी शब्द शोधत नाहीत. हे झाल्यावर एडिटरला नम्रपणे विचारायला हरकत नाही की तुम्हाला उसनी वाटलेली दोन-तीन वाक्यं दाखवाल का. ज्यांनी 'कथा चांगली आहे' असं लिहायचे कष्ट घेतले ते बहुतेक उत्तर देतात.

जे लोक आपल्या मातृभाषेत लिहीत नाहीत, ऑफिसचं इंग्रजी असो की नव्याने शिकलेली कुठलीही भाषा, त्यांच्यासाठी वरची खबरदारी दुप्पट, कारण 'हा शब्द ओळखीचा आहे का' हे सांगणारा कान अजून तयार झालेला नसतो. तिथे नुसत्या यादीपेक्षा उदाहरणाची वाक्यं देणारी डिक्शनरी जास्त मदत करते. भाषांतर करणाऱ्यांना उलट थिसॉरस जवळजवळ रोजच लागतो आणि लागावाच, त्यांच्याकडे कल्पना आधीपासून असते.

आणि एक सवय मराठीत लिहिणाऱ्या पुष्कळांना लागलीये ती असेल तर सोडा. मराठी शब्द इंग्रजीत न्यायचा, इंग्रजी थिसॉरसमधे त्याचे भाऊबंद बघायचे, आणि त्यातला एक परत मराठीत आणायचा. दोन वेळा उंबरठा ओलांडताना अर्थ सांडतो आणि हातात येतो तो बहुतेक कोणी न बोललेला तत्सम शब्द. रुसवा आणि त्रागा त्या वाटेने कधीच परत येणार नाहीत.

शेवटचा प्रश्न, छापील की फोनवरचा. शक्य असेल तर दोन्ही, पण वेगवेगळ्या कामाला. ओठावर अडकलेला शब्द आठवायला फोन चांगला, पटकन होतं. काय म्हणायचंय तेच चाचपडत असाल तर कल्पनांप्रमाणे लावलेलं छापील पुस्तक, कारण पान उलटताना शेजारच्या कल्पनाही दिसतात ज्या तुम्ही शोधल्याच नव्हत्या. मराठीसाठी आयआयटी मुंबईचं मराठी वर्डनेट ऑनलाइन आहे, त्यात समानार्थी शब्दांच्या गटासोबत अर्थ आणि वापराचं वाक्यही असतं, नुसत्या यादीपेक्षा ते कितीतरी बरं. आणि शब्दाची खरी ओळख करून घ्यायची असेल तर दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, १९३२ ते १९३८ या काळात सात भागांत निघालेला, तो समानार्थी कोश नाहीये पण शब्द जुन्या लेखनात कसा आला त्याची उदाहरणं देतो, आणि तो ऑनलाइनही शोधता येतो. वहीत लिहून ठेवलेले शब्द तिथे एकेक करून बघत जा, एका बैठकीत दोन-तीन पुरे.